सहा घरांना कुलूप

माझ्या नाकावर राग असतो, हे घरात सगळे म्हणतात आणि कॉलेजात सगळे जाणतात. कळमनुरीकडच्या एका कॉलेजात मी भूगोल शिकवते. राहायला हिंगोलीत, जाणं-येणं एसटीनं. नोकरी मला मनापासून आवडते. सकाळच्या गाडीत खिडकीजवळ जागा मिळाली की दोन्ही बाजूंची हळदीची रानं बघत जायचं, पहिल्या तासाला नकाशा टांगायचा आणि दिवसभरात एकदा तरी कुणावर तरी ओरडायचं, एवढ्यावर मी सुखी आहे.

तिसऱ्या वर्षाच्या मुलांना आमच्याकडे गावाच्या सर्वेक्षणाचा प्रकल्प असतो. आपल्या गावातली पंचवीस घरं फिरायची आणि प्रत्येक घरी प्रश्नावली भरायची. माणसं किती, शेती किती, पाणी कुठून येतं, कोण किती शिकलं. मग त्याचे तक्ते करायचे, आलेख काढायचे, निष्कर्ष लिहायचे आणि स्पायरल बाइंडिंग करून उन्हाळ्याच्या तोंडाला माझ्या टेबलावर आणून ठेवायचं. ते दिवस हळद काढण्याचे आणि शिजवण्याचे. निम्म्या वर्गाची बोटं पिवळी असतात आणि प्रकल्पांच्या कडांवर पिवळे ठसे उमटलेले असतात.

कॉपी पकडण्यात आपला हात धरणारं कुणी नाही, असा माझा समज होता. पूर्वी मुलं झेरॉक्सच्या दुकानातून तयार प्रकल्प आणायची. एकाच्या प्रकल्पात अकराव्या पानापर्यंत त्याचं स्वतःचं गाव होतं आणि बाराव्या पानापासून भलत्याच तालुक्यातलं. मी त्याला वर्गासमोर विचारलं, "गाव कधी बदललंस रे?" त्यावर तो म्हणाला, "मॅडम, हे आमच्या पाहुण्यायचं गाव हाय." त्याला मी प्रकल्पासकट परत पाठवलं, पण हसू आवरायला मला स्टाफरूम गाठावी लागली.

हे वर्ष मात्र वेगळं निघालं. पहिले दहा प्रकल्प वाचले आणि मला वाटलं, बहुतेक आपण फारच छान शिकवलं. ज्या मुलाला उत्तरपत्रिकेत सलग तीन वाक्यं जमत नव्हती, त्यानं 'ग्रामीण जीवनाचे बहुआयामी वास्तव' असं लिहिलं होतं. अकराव्या प्रकल्पात तेच बहुआयामी वास्तव पुन्हा आलं, बाराव्यातही आलं, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. एका मुलाच्या गावातले लोक तर होड्या चालवून पूरक उत्पन्न मिळवत होते. त्याचं गाव कयाधू नदीच्या काठी आहे हे खरं, पण उन्हाळा लागला की तिथे म्हैस बसेल एवढंही पाणी राहत नाही. मी त्याला बोलावलं आणि विचारलं, "होडी कुणाकडं आहे गावात?" त्यानं बराच विचार केला. "पावसाळ्यात असंल मॅडम कुणाची तरी," तो म्हणाला.

मग मी वर्गात जाऊन माझा ठेवणीतला आवाज काढला. एआयकडून लिहून आणलेला प्रकल्प सापडला तर शून्य. सगळे प्रकल्प परत न्या, आठ दिवसांत स्वतः करून आणा. आणि दुसऱ्या पानावर जे प्रतिज्ञापत्र असतं, 'सदर प्रकल्प मी स्वतः लिहिला आहे', त्यावर माझ्या डोळ्यांदेखत सही करा. माझ्यासमोर खोटी सही करताना हात थरथरेल, अशी माझी भाबडी समजूत होती.

आठव्या दिवशी टेबलासमोर रांग लागली. एकच पेन हातोहात फिरलं आणि अडतीसपैकी सदतीस जणांनी बघता बघता सह्या ठोकल्या. हात कुणाचाच थरथरला नाही. होडीवाल्यानं तर सहीखाली दोन रेघाही ओढल्या. एक मुलगी रांगेत आलीच नाही. तिचा प्रकल्प गठ्ठ्यात होता, पण सहीची जागा कोरी होती.

ही मुलगी तांड्यावरून यायची. वारंगा फाट्यापासून आत, डांबरी रस्ता संपतो त्याच्याही पुढे तिचा तांडा. तीन वर्षं ती दुसऱ्या बाकावर बसली, पण हजेरीच्या 'येस मॅडम'पलीकडे तिचा आवाज मी ऐकला नव्हता. घरात गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली; मराठी ती शाळेत शिकलेली, त्यामुळे बोलण्याआधी ती वाक्य मनात जुळवून घेते, हे तिच्या चेहऱ्यावर दिसायचं. विसरली असेल म्हणून दुसऱ्या दिवशी मी तिला स्टाफरूममध्ये बोलावलं आणि पेन पुढे केलं.

"सही राहिली तुझी."

"राहिली न्हाई मॅडम," ती म्हणाली. "म्या केली न्हाई."

"काहून?" मी चिडले की पुस्तकी मराठी माझीही सुटते.

"तिथं हाय, मी स्वतः लिहिला. म्या तर नुसता सांगितला. लिवला ह्यानं." तिनं हातातल्या मोबाइलकडे बघितलं.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "नियम ऐकला होतास ना? शून्य म्हणाले होते मी."

"ऐकला व्हता."

सोमवारी संध्याकाळपर्यंत गुण ऑनलाइन भरायचे होते. प्रकल्पात शून्य म्हणजे विषयात नापास, म्हणजे बी.ए.चा निकाल अडकणार आणि नांदेडला एम.ए.ला जायचं तिनं ठरवलं होतं ते वर्षभर लांबणार. मी हे तिला जरा चढ्या आवाजातच समजावलं. तिला ते आधीच ठाऊक होतं. "मंग राहीन नांदेडचं," ती म्हणाली. "पन खोटी सही कशी करू मॅडम?"

इतक्या वर्षांत मी कॉपी शेकड्यानं पकडली असेल. पण आपण होऊन कुणी ती माझ्या हातात आणून दिली नव्हती. काय करायचं ते मला सुचेना, आणि सुचलं नाही की मला जास्तच राग येतो. शेवटी मी खुर्ची पुढे सरकवली आणि म्हणाले, "बस. काय काय केलंस ते पहिल्यापासून सांग."

तिनं पिशवीतून एक शंभरपानी वही काढली. तांड्यावर घरोघर जाऊन तिनं गोरमाटीत प्रश्न विचारले होते आणि उत्तरं या वहीत टिपली होती, अर्धी मराठीत, अर्धी गोरमाटीत, सगळी देवनागरीत. मग रोज संध्याकाळी अंगणात बसून तिनं ते मोबाइलला तोंडी सांगितलं आणि एआयनं ते प्रमाण मराठीत उतरवलं. "माझं मराठी वाचून तुमी हसचाल असं वाटलं," ती म्हणाली. मी हसले असते का? कदाचित हसले असते. ते कबूल करताना मला बरं वाटत नाही.

मी वही आणि प्रकल्प शेजारी शेजारी ठेवून वाचायला लागले. 'घरात पाणी कोण आणतं' या प्रश्नाला वहीत एका घरचं उत्तर होतं, 'ज्याचं अंग दुखत न्हाई ते.' प्रकल्पात तिथे 'पाणी व्यवस्थापनात कुटुंबातील सर्व घटकांचा मोलाचा सहभाग' असं झालं होतं. दुसऱ्या घरी शिक्षणाच्या रकान्यात एका म्हातारीबद्दल लिहिलं होतं, 'सही येते, पण फक्त चांगल्या मूडमध्ये.' प्रकल्पात ती म्हातारी 'साक्षर' होती. मला वही सोडवेना. चहा आला, गार झाला, तरी मी वाचतच होते.

वहीत एकोणीस घरं भरलेली होती. त्यापुढे सहा पानांवर फक्त घरधन्याचं नाव आणि खाली एकच शब्द होता, कुलूप.

"हे काय?"

"कारखान्याकडं गेलेत मॅडम, ऊस तोडाया. घरी कुणीच न्हाई. कुणाला इचारू?"

प्रकल्पातही एकोणीसच घरं होती. "पंचवीस पाहिजेत, हे माहीत होतं ना?"

"व्हय. म्या त्याला सांगितलं पंचवीस पायजेत, तं त्यानं सहा घरं आपल्या मनानं भरून देल्ली. माणसं, शेळ्या, समदं. लई बराबर दिसत व्हतं." तिनं त्या सहा पानांवर बोट ठेवलं. "म्या काढून टाकली. त्यांच्या घरात शेळ्या न्हाईत."

मी उठून कपाटातले बाकीचे सदतीस प्रकल्प काढले आणि फक्त घरांचे तक्ते बघत गेले. सगळ्यांची पंचवीस घरं भरलेली. आमच्या भागात दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणाऱ्यांची घरं बंद होतात, पोरांच्या शाळा ओस पडतात, हे मी स्वतः वर्गात शिकवते. आणि सदतीस गावांत एकाही घराला कुलूप नव्हतं. जी प्रामाणिक म्हणून मला आवडायची, हातानं लिहून आणायची, त्या मुलांच्या गावांतसुद्धा नव्हतं. मागच्या वर्षी नव्हतं, त्याच्या मागच्या वर्षीही नव्हतं. तेव्हा या मुलांच्या हातात एआयही नव्हता. पंचवीसचा आग्रह मात्र होता, आणि तो माझा होता.

विभागप्रमुख सरांच्या कानावर घातलं. ते भले गृहस्थ आहेत, वाद त्यांना सोसत नाही. "अहो मॅडम, पोरीनं काम केलंय ना? मग सही घ्या आणि पाठवून द्या," ते म्हणाले. "एका सहीपायी कशाला डोक्याला ताप?" मी बरं म्हणाले आणि परत टेबलाशी आले. तिच्या प्रकल्पाचं तिसरं पान उघडं होतं. ते पान मार्गदर्शकाच्या, म्हणजे माझ्या, प्रमाणपत्राचं. 'सदर सर्वेक्षणाची मी प्रत्यक्ष पडताळणी केली आहे.' आदल्या दिवशी रांग संपल्यावर सदतीस प्रकल्पांवर या वाक्याखाली मी सह्या केल्या होत्या. एका हातात चहाचा कप होता आणि दुसऱ्या हाताला काय लिहिलंय ते वाचायची गरज पडली नव्हती.

मुलगी आता उठून दाराशी उभी होती. मी तिला म्हणाले, "रविवारी मी तांड्यावर येते." ती इतकी घाबरली की मलाच तिला पाणी द्यावं लागलं. बाकीच्या सदतीस जणांना निरोप धाडला, सोमवारी सकाळी आपापल्या वह्या घेऊन या, माझी सही मी मागे घेतली आहे.

रविवारी मी फाट्यावर उतरले तर ती भावाची मोटारसायकल घेऊन उभी. मला वाटलं भाऊ कुठे तरी आसपास असेल. भाऊ नव्हता, तीच चालवणार होती. माझा जीव मुठीत आणि पर्स पोटाशी, अशी मी मागे बसले. वाटेत एका शेतात हळद शिजत होती. हळद शिजवायच्या मोठ्या लोखंडी कुकरमधून वाफेचे लोट निघत होते आणि सगळ्या रस्त्यावर तो गोडूस, मातकट वास भरला होता. पुढे मोकळ्या जागेत शिजलेली हळद वाळत पसरली होती, तिच्या कडेनं ती गाडी अशी सफाईनं काढत होती की मी पर्स सोडून आजूबाजूला बघायला लागले.

तांड्यावर मला वेगळीच मुलगी भेटली. ही मोठ्यानं बोलत होती, हसत होती, म्हाताऱ्यांना दटावत होती. प्रत्येक दारात तिची कुणी ना कुणी थट्टा करत होतं आणि ती लगेच परतफेड करत होती. मला त्यातलं अर्धंच कळायचं, आणि मला काही विचारायचं असलं तर मी आधी वाक्य मनात जुळवून घ्यायची. ती पाळी आता माझी होती. तिची याडी, म्हणजे आई, चहा घेऊन आली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "पोरगी पास होईन ना बाई? रोज त्या फोनसंगं बोलून राहिली व्हती, मला वाटलं कुणी पोरगा हाय का काय." मुलगी लाजून आत पळाली आणि मी महिन्यात हसले नव्हते इतकी हसले.

एकोणीस घरं आम्ही वही हातात धरून तपासली. एका घरच्या शेळ्या दोनानं वाढल्या होत्या, बाकी सगळं वहीबरहुकूम. सही येणारी म्हातारी त्या दिवशी चांगल्या मूडमध्ये नव्हती, तिनं सही करून दाखवली नाही. मग आम्ही कुलपांकडे वळलो. पहिली तीन घरं बंद होती, उंबऱ्यात वाळका पाला साचलेला. चौथ्या घराचं दार उघडं दिसलं. होळी चार दिवसांवर आली होती आणि त्यासाठी त्या घरची माणसं आदल्याच संध्याकाळी परतली होती. ओसरीवर गाठोडी तशीच पडली होती आणि घरची बाई आतली धूळ बाहेर लोटत होती.

"हे घर भरू या का?" मी विचारलं. प्रश्नावली मी घेतली आणि पेनही. ती गोरमाटीत विचारायची, बाईचं उत्तर मराठीत सांगायची आणि मी लिहायची. माणसं पाच, शेती सव्वा एकर, शेळ्या नाहीत. इथवर ठीक चाललं. मग प्रश्न आला, पाणी कुठून येतं. बाईनं झाडू थांबवला आणि सरळ माझ्याशीच मराठीत बोलली.

"कुठलं पानी इचारून राहिल्या बाई? इथलं का तिथलं? पाच महिने तं आमी तिथंच ऱ्हातो."

मी प्रश्नावलीकडे बघितलं. तिच्यात गाव एकच होतं आणि पाणीही एकच. ही प्रश्नावली मीच बनवली, मीच वर्षानुवर्षं वाटली, आणि आपल्याच जिल्ह्यातली माणसं दोन गावांत जगतात हे शिकवूनही त्यासाठी एक रकाना तिच्यात ठेवायचं मला सुचलं नाही. मी समासात दोन ओळी आखल्या, इथलं आणि तिथलं, आणि दोन्हीकडचं पाणी लिहून घेतलं. बाई सांगत गेली तशी मी लिहीत गेले. समास संपला, मग मागची बाजूही भरली. निघताना तिनं माझ्या हातावर गूळ ठेवला. मला त्या दिवशी फार छान वाटत होतं, नोकरीच्या पहिल्या वर्षी वाटायचं तसं.

शेवटची दोन घरं बंदच होती. म्हणजे वीस घरं झाली आणि पाच कुलपं उरली.

फाट्यावर परतलो तेव्हा हिंगोलीच्या गाडीला वेळ होता. एका हॉटेलाच्या बाहेरच्या बाकावर आम्ही बसलो. मी पिशवीतून तिचा प्रकल्प काढला आणि प्रतिज्ञापत्राच्या छापील ओळी तिच्यासमोर खोडल्या. "इथे खरं काय ते तू लिही," मी म्हणाले. तिनं बराच वेळ घेतला आणि गिचमिड अक्षरात लिहिलं: 'वीस घरी मी स्वतः जाऊन इचारले. पाच घरांना कुलूप होते. मी सांगितले ते एआयने लिहिले. त्याने मनाने भरलेली घरे मी काढून टाकली.' खाली सही केली. 'इचारले' मी तसंच राहू दिलं.

"शून्याचा नियम लपवणाऱ्यांसाठी होता," मी म्हणाले. "तो मी नीट सांगितला नव्हता, चूक माझी. पण निष्कर्षाचं प्रकरण उद्या सकाळी स्वतःच्या हातानं लिहून आण, येईल तशा मराठीत. ते वाचून गुण देईन. त्या पाण्याच्या दोन ओळी त्यात आल्या पाहिजेत. नांदेड कुठे जात नाही."

तिनं मान हलवली. तिचे डोळे भरून आले होते, म्हणून मी रस्त्याकडे बघत राहिले. मग पान उलटून माझ्या प्रमाणपत्रावर आले आणि पेनचं टोपण काढलं. तेवढ्यात ती म्हणाली, "मॅडम, तुमच्या येळंला बी पंचवीसच घरं व्हती का?"

"पंचवीसच."

"समदी फिरल्या तुमी?"

तिनं सहज विचारलं होतं. हो म्हणाले असते तरी तिनं मान्य केलं असतं, आणि दुसरं कुणी विचारणारं नव्हतं. इतक्या वर्षांत ही गोष्ट मी नवऱ्यालाही सांगितलेली नव्हती. माझा तो प्रकल्प वर्गात पहिला आला होता.

"सतरा," मी म्हणाले. "ऊन फार होतं. उरलेली आठ मी स्टँडवर बसून मनानं भरली. खाली सहीसुद्धा केली."

तिला हसू आलं नाही आणि धक्काही बसलेला दिसला नाही. बोलायच्या आधी ती नेहमीसारखी वाक्य जुळवत राहिली. मी पेन हातात धरून वाट बघत होते.

"मंग आज अठरावं झालं तुमचं," ती म्हणाली.

मी सही केली.